ठकूबाईची परात आणि चौदावा मजला

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. नेमकी किती वर्षांमागची, ते विचारू नका. मला ज्यानं सांगितली त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि गोष्ट ऐकताना मध्येच प्रश्न विचारणारी माणसं त्याला आवडत नसत. मलाही आवडत नाहीत.

एक राज्य होतं आणि त्याची एक राजधानी होती. राजधानीच्या तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला नदी. माणसं वाढत गेली, पण जमीन काही वाढेना. डोंगर मागं सरकेना, नदी जागा देईना. एकेका खोलीत तीन-तीन चुली पेटू लागल्या. भावाभावांत पाय पसरण्यावरून भांडणं होऊ लागली. कुणी आजारी पडलं, तर त्याला निजवायला दुसऱ्यानं उभं राहायचं. शेवटी कुणीतरी वर पाहिलं, आणि वर मात्र जागाच जागा!

त्या वरच्या जागेत घरं बांधणारा गवंड्यांचा एक मेळा होता. लोक त्यांना मजलेकर म्हणत. देवळं बांधणारे वेगळे होते, किल्ले बांधणारे वेगळे होते. मजलेकर फक्त राहायची घरं बांधत, आणि तीही एकावर एक, एकावर एक. पाच मजले, सात मजले, नऊ मजले! खेड्यातून पहिल्यांदा शहरात आलेला माणूस मान वर करून बघायचा आणि त्याचं पागोटं मागच्या मागं पडायचं. हसू नका, तुमचंही पडलं असतं.

आता या मजलेकरांची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. एक मजला पुरा झाला की त्याच्या उघड्या जमिनीवर मधोमध एक मोठी पितळी परात ठेवायची. मेळ्यातल्या बाईनं कळशीनं तिच्यात नदीचं पाणी ओतायचं, पाणी काठाशी फुगून उभं राहीपर्यंत. मग सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. पाणी जागच्या जागी राहिलं तर पुढचा मजला चढवायचा. एका अंगाला सांडलं, तर हत्यारं खाली ठेवायची, आणि घर का कललं ते सापडेपर्यंत एक वीटही वर न्यायची नाही. मेळ्याच्या मूळ पुरुषानं ही रीत घालून दिली होती. त्याचं म्हणणं साधं होतं. "मी थकलेलो असलो तर माझा डोळा चुकेल. पाणी थकत नाही."

पण रीत जुनी झाली की माणसं तिला नटवायला लागतात. आधी परातीला हळदकुंकू लागलं. मग तिच्याभोवती फुलं आली. मग बायका ओवाळू लागल्या, सनईचौघडा वाजू लागला. एवढी मानाची परात उघड्या जमिनीवर कशी ठेवायची, म्हणून तिच्यासाठी शिसवी चौरंग आला. आणि कधीतरी, कुणाच्या लक्षातही न येता, पाणी सांडणं हा अपशकुन ठरला.

चौरंग डुगडुगतो, हो ना? मग त्याच्या पायाखाली दगडाची बारीकशी कपची सारायची, परात स्थिर झाली की मग पाणी ओतायचं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं.

ज्या काळाची ही गोष्ट, त्या काळी परातीचा मान ठकूबाईकडे होता. पन्नाशीची, काटक बाई. नवरा याच मेळ्यात गवंडी होता, तो तापानं गेला. सासूनं मरताना तिच्या हातात दोन गोष्टी दिल्या होत्या, एक परात आणि दुसरी कपच्यांची लहानशी पिशवी. त्या पिशवीत नखाएवढ्या पातळ कपच्या होत्या, बोटाएवढ्या जाड होत्या, सगळ्या घासून गुळगुळीत केलेल्या. ठकूबाई चौरंगापुढं बसायची, एक डोळा मिटायची, इकडे एक कपची सारायची, तिकडची एक काढायची, आणि मग कळशी ओतायची. परात उचलली की कपच्या पुन्हा पिशवीत भरायची. तीस वर्षांत एक थेंब सांडला नाही! सगळा मेळा म्हणायचा, "ठकूबाईच्या हाताला यश आहे." ठकूबाई पदर सावरायची आणि "देवाची कृपा" म्हणायची, पण मनातून तिला वाटायचं की देवाबरोबर आपलीही थोडी आहेच.

त्या राजधानीत नदीच्या वाळवंटावर दीडशे बिऱ्हाडं झोपड्या घालून राहत होती. दर पुराला त्यांच्या झोपड्या वाहून जात आणि पूर ओसरला की ती पुन्हा उभी करत. राजाला ते बघवेना. त्यानं मेळ्याच्या म्होरक्याला, हैबतीला, बोलावलं आणि म्हणाला, "यांना एकाच जागी घरं हवीत. नदीकाठी एक तुकडा आहे, त्याच्या पलीकडे मी तरी जागा कुठून आणू?"

हैबतीनं तुकडा पायानं मोजला, वर पाहिलं आणि म्हणाला, "एकोणीस मजले लागतील, महाराज."

एकोणीस! दरबारी बोटांवर मजले मोजू लागले.

पाया खणला, दगड बसला, आणि घर चढायला लागलं. काय सांगू तुम्हाला त्या घराची शोभा! पाचव्या मजल्यावरून शहराची कौलं दिसू लागली. आठव्यावरून वेशीबाहेरची शेतं दिसू लागली. दहाव्या मजल्याची परात भरायला ठकूबाई वर गेली, तेव्हा सहज कठड्याशी उभी राहिली, आणि तिच्या पायांखालून एक घार तरंगत गेली. जन्मभर तिनं घारीचं पोट पाहिलं होतं. घारीची पाठ तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिच्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं. माणसाच्या हातांनी हे केलं, आपल्याच माणसांनी केलं, या विचारानं ती किती तरी वेळ तिथून हलली नाही.

खालचे मजले पुरे होतील तशी बिऱ्हाडं राहायला येत होती. ठकूबाईचा जावई मेळ्यातच परांचीवर दगड चढवायचा, म्हणून तिच्या लेकीला, सगुणेला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. सगुणेला सातवा महिना होता. वाळवंटावरची बायकामाणसं तर पहिले काही दिवस भिंतींना नुसता हात लावून बघत. पूर आला तरी ही भिंत इथंच राहणार, हे त्यांना खरंच वाटेना.

इकडे एक गोष्ट घडत होती. चौथ्या मजल्यावर ठकूबाईनं चौरंगाखाली एक कपची सारली. आठव्यावर दोन. बाराव्यावर पाच. तेराव्यावर तिनं पिशवी झटकली, तर आत काही उरलंच नव्हतं, आणि चौरंग अजून सरळ झाला नव्हता.

ती हैबतीकडे गेली. "दादा, कपच्या संपल्या."

हैबती हसला. "अगं, मग दुसऱ्या घे की! इथं पाट्या भरभरून पडल्यात. दगडाच्या कामावर येऊन दगडाचा तुटवडा सांगतेस होय?"

ठकूबाईही हसली. तिनं पाटीतून एक कपची उचलली, चौरंग सरळ केला, पाणी ओतलं. एक थेंब सांडला नाही. सनई वाजली, पेढे वाटले गेले.

चौदावा मजला पुरा झाला, आणि राजा स्वतः परातीला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी ठकूबाई सगुणेकडे जेवायला गेली. सगुणा पोळ्या करत होती. लाटून झालं की ती लाटणं जमिनीवर ठेवी आणि लगेच पायाची टाच आडवी लावी.

"हे गं काय?" ठकूबाईनं विचारलं.

"अगं आई, पळतं ते. बघ हं." सगुणेनं टाच काढली. लाटणं क्षणभर थांबलं, मग हळूच हललं, आणि गडगडत नदीकडच्या भिंतीला जाऊन टेकलं. सगुणा खळखळून हसली. "आमच्या घराला नदीची भारी ओढ! शेजारच्या काकूंची आमटी उतू गेली ना, तो ओघळसुद्धा तिकडेच. आलो तेव्हा असं नव्हतं. हल्लीच जोरात पळायला लागलंय."

ठकूबाईनं लाटणं उचललं आणि पुन्हा ठेवलं. ते पळालं. तिनं ते वळवून ठेवलं, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. कुठंही ठेवलं तरी ते नदीकडेच पळालं.

आणि मग तिला आठवलं. चौथ्या मजल्यावरची ती एक कपची चौरंगाच्या नदीकडच्या पायाखाली होती. आठव्यावरच्या दोन, त्याही नदीकडच्याच. बाराव्यावरच्या पाच, तेराव्यावरच्या सगळ्या. पानातली पोळी तशीच राहिली.

"आई, काय झालं गं?"

"काही नाही. तू आज इथं निजू नकोस. माझ्याकडे चल."

"अगं, पण का?"

"चल म्हटलं ना!"

सगुणेला आपल्या घरी बसवून ठकूबाई तडक हैबतीकडे गेली. तो अंगणात उभा राहून उद्याच्या मांडवाची दोरी ओढत होता.

"दादा, घर नदीकडं कललंय."

हैबतीनं दोरी सोडली. "कुणी सांगितलं?"

"सगुणेचं लाटणं पळतं."

"लाटणं!" हैबती चाळिशीपासून म्होरक्या होता आणि आता साठीला आला होता. लाटण्याचं नाव ऐकून तो रागावलासुद्धा नाही, त्याला तिची दयाच आली. "ठकू, दर मजल्याला मी स्वतः ओळंबा सोडलाय. दोरी भिंतीपासून सुताएवढीही हलली नाही."

"एका मजल्याला हलणार नाही, दादा. पण चौदांचं मिळून..."

"बरं, ओळंबा राहू दे. तुझी परात तर खोटं बोलत नाही ना? आजवर एक थेंब सांडलाय?"

ठकूबाईचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. काय सांगणार? ज्या एका गोष्टीनं ती त्याला पटवू शकली असती, तीच तिनं आपल्या हातानं मुकी करून ठेवली होती.

"सांग ना, सांडलाय?"

"नाही," ती म्हणाली, आणि शरमेनं मान खाली घालून घरी आली.

सांगावं, तर तीस वर्षांचं नाव मातीत जाणार, सासूचंही जाणार. न सांगावं, तर चौदा मजल्यांवर आणखी पाच चढणार, आणि त्या सगळ्यांच्या खाली आपली लेक, तिच्या पोटातलं बाळ आणि शंभर बिऱ्हाडं. ठकूबाई काही फार शिकलेली नव्हती, पण यातलं जड काय आणि हलकं काय, हे कळायला शिकावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी चौदाव्या मजल्यावर राजा आला, राणी आली, मेळा आला. मजल्याच्या काठाकाठानं नटलेल्या बायका उभ्या होत्या. राजानं खाली शहराकडे पाहिलं. "हे आमचं शहर एवढंसं आहे?" एवढंच तो म्हणाला.

सनई सुरू झाली. ठकूबाई पुढं आली. तिनं चौरंगाला नमस्कार केला, तो दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला ठेवून दिला.

बायका कुजबुजल्या. "अगबाई, हे काय करते ही?"

ठकूबाईनं परात उघड्या जमिनीवर ठेवली आणि कळशी कलती केली. पाणी चढत गेलं. नदीकडचा काठ आधी भरला. पाणी तिथं फुगलं, थरथरलं, आणि परात पुरती भरायच्या आतच काठावरून उतरलं. एक चकचकीत ओघळ जमिनीवरून निघाला. तो कुठं थांबला नाही, कुठं वळला नाही, थेट नदीकडच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथं साचला.

सनई थांबली. एवढ्या माणसांत पाण्याचा तो बारीक आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"ठकू!" हैबती ओरडला. "काय केलंस हे? महाराजांच्या देखत अपशकुन केलास!"

ठकूबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि त्याच्या पायाशी रिकामी केली. कपच्या खळाळत पडल्या. "दादा, हे माझ्या हाताचं यश," ती म्हणाली. "तीस वर्षं तुम्ही सगळे ज्याला यश म्हणत होता ना, ते हे. तेराव्या मजल्याला एवढ्या सगळ्या लागल्या, तरी पुऱ्या पडल्या नाहीत. आणि सगळ्या याच बाजूला. पाणी तर चौथ्या मजल्यापासून सांगत होतं. मीच त्याला बोलू दिलं नाही."

हैबतीनं एक कपची उचलून बोटांनी चाचपली. मग तो गुडघ्यांवर बसला, ओल्या जमिनीवर तळवा टेकला आणि म्हणाला, "पुन्हा ओत."

तिनं ओतलं. पाणी त्याच वाटेनं गेलं. तिसऱ्यांदा कळशी त्यानं स्वतः घेतली. पाण्याला कोण ओततंय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, ते पुन्हा त्याच वाटेनं गेलं. चौदा मजले दगड, हजार माणसांचे हात, राजाची इच्छा, आणि त्या सगळ्यांपुढं हे ओंजळभर पाणी! हैबतीनं पागोटं काढलं आणि त्या पाण्यापुढं डोकं टेकलं. ओवाळताना आजवर त्यानं पुष्कळदा हात जोडले होते. पण खरा नमस्कार तो हाच.

"मग आता?" राजानं विचारलं.

"आता उतरायचं, महाराज."

"किती मजले?"

"पाणी म्हणेल तिथवर."

ते परात घेऊन एकेक मजला उतरले. दहाव्यावर पाणी सांडलं. सहाव्यावर सांडलं. सगुणेच्या खोलीत सांडलं. तळमजल्यावरही सांडलं. मग नदीकडच्या पायाशी खणायला घेतलं. पुरुषभर खणल्यावर खाली गार वारा लागला. जमिनीच्या पोटात नदीचा एक जुना, विसरलेला झरा होता, आणि वरचं ओझं वाढेल तसा तो पायाखालची माती एकेक घास नेत होता. हैबतीनं पायाच्या दगडाखाली हात घातला. पंजा गेला, कोपर गेलं, पार खांद्यापर्यंत हात गेला, तरी बोटांना काही लागलं नाही. त्यानं वर पाहिलं. चौदा मजले त्याच्या डोक्यावर उभे होते, शांत आणि देखणे.

त्याच संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं बाहेर काढली. वाळवंटावरची माणसं भांडी डोक्यावर घेऊन पुन्हा झोपड्यांकडे चालू लागली, तेव्हा काही बायका रडत होत्या. काहींनी ठकूबाईला तोंडावर अपशकुनी म्हटलं. ती दारात उभी राहून बाहेर येणारी माणसं मोजत होती, आणि मोजून झाल्यावर तिनं पुन्हा एकदा वर जाऊन प्रत्येक खोलीत डोकावून पाहिलं.

मजलेकर वरून एकेक दगड उतरवू लागले. चार मजले उतरले आणि डोंगरात पाऊस झाला. नदी फुगताना दिसताच हैबतीनं माणसं खाली बोलावली आणि झोपड्याही उठवल्या. अकराव्या दिवशी, भर दुपारी, सगळं शहर बघत असताना घराचा नदीकडचा कोपरा हातभर खचला. वरपासून खालपर्यंत एक फट पडली. घर क्षणभर तसंच उभं राहिलं, आणि मग त्याचा अर्धा भाग नदीत गेला. डोंगरांतून त्याचा आवाज तीनदा परत आला. आत एक चिमणीसुद्धा नव्हती.

ज्या बाईनं अपशकुनी म्हटलं होतं, तिनं आपलं लेकरू छातीशी घट्ट धरलं होतं. ती हळूहळू चालत ठकूबाईपाशी आली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागली. ठकूबाई तिला उठवता उठवता स्वतःच रडायला लागली.

घर पुन्हा बांधलं, नदीपासून दूर सरकवून, डोंगराच्या पायथ्याशी. आपली शिकारीची बाग राजानं त्यासाठी तोडून दिली. जागा कुठून आणू म्हणणाऱ्याला ती आता सापडली. पाया कातळाला टेकेपर्यंत खणला. ठकूबाईच्या सगळ्या कपच्या हैबतीनं पहिल्या पायरीत पक्क्या बसवल्या, म्हणजे वर कामाला जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय त्यांच्यावर पडेल. चौरंगाचं म्हणाल, तर तो सगुणेनं लेकीला न्हाऊ घालायला नेला.

तीन वर्षांनी एकोणिसावा मजला पुरा झाला. वारा पडला होता. उघड्या जमिनीवर परात ठेवली, ठकूबाईनं पाणी ओतलं, ते काठाशी फुगलं आणि उभं राहिलं. सनई नव्हती, आरती नव्हती. परातीत आख्खं आभाळ उतरलं होतं, आणि त्या आभाळात एक घार फिरत होती. पाणी हललं नाही. हैबती म्हातारा झाला होता. तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

त्या दिवशी ठकूबाई तिसऱ्या मजल्यावर लेकीकडे उतरली. सगुणा पाणी भरायला गेली होती, म्हणून पोळ्यांना तीच बसली. एक पोळी लाटून तिनं तव्यावर टाकली आणि लाटणं जमिनीवर ठेवलं. लाटणं ठेवलं तिथंच राहिलं. ठकूबाई त्याच्याकडे बघत बसली. पोळी करपली, घरभर धूर झाला, सगुणा कळशी टाकून धावत आली आणि "अगं आई, तवा बघ!" म्हणून ओरडली, तरी ती त्या लाटण्याकडेच बघत होती.

तात्पर्य: जी परीक्षा आपल्याला सांभाळते, तिला हवं तर ओवाळा, पण तिच्या पायाखाली कपची सारू नका.